माडीवरच्या मोरीची फरशी, दुसऱ्यांदा

सोलापुरातलं आमचं घर जुनं, माडीवरच्या मोरीखाली कडीपाट, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या. आधीच्या गवंड्याने फळ्यांवर थेट सिमेंट-वाळू घालून फरशी बसवली होती. सहा महिन्यांत सांधे फुटले, खालच्या खोलीत ओल. लाकूड लवतं, सिमेंट लवत नाही, एवढंच कारण.

या वेळी सगळं उखडलं. पेचकस टोचून पाहिला, तर पाणी जायच्या जाळीजवळच्या दोन फळ्यांत तो लोण्यात गेल्यासारखा गेला. त्या बदलल्या, बाकीच्या स्क्रूने कड्यांना आवळल्या. वर १८ मिमी मरीन प्लाय, मग सिमेंट बोर्ड, सांध्यांत ३ मिमी फट ठेवून. वॉटरप्रूफिंगचे दोन हात, भिंतीवरही वीतभर. टाइल लवचीक अॅडेसिव्हवर.

मोरीतलं पाण्याचं पिंप मात्र आता अंगणात. आपल्याकडे नळ रोज येत नाही हे खरं, पण दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो, माडीवर कशाला?