फनेलमध्ये युजर गळतायत? स्क्रीन बदलायच्या आधी या चुका टाळा

आमच्या ॲपच्या साइनअप फनेलमध्ये, म्हणजे कोणत्या पायरीपर्यंत किती लोक पोचतात याच्या हिशेबात, ओटीपीच्या पायरीवर जवळपास निम्मे लोक गळताना दिसत होते. दोन आठवडे आम्ही त्या एका स्क्रीनवर घालवले, बटण मोठं केलं, मजकूर बदलला, टायमर वर घेतला, पण आकडा काही हलेना. मग टीममधल्या एकीने फनेल बाजूला ठेवून नुसतं मोजलं की होम स्क्रीन उघडणारे नवे युजर किती, तर ते ओटीपी 'पार' केलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाले. म्हणजे लोक आत पोचत होते! अँड्रॉइडवर ओटीपी आपोआप वाचला जाऊन फॉर्म स्वतःच सबमिट व्हायचा आणि आमचा इव्हेंट, म्हणजे 'हे घडलं' अशी ॲपकडून येणारी नोंद, लावलेला होता बटणाच्या टॅपवर. बटण कोणी दाबतच नव्हतं, तर इव्हेंट येणार कुठून?

म्हणून इव्हेंट टॅपवर नको, निकालावर लावा. 'पेमेंट बटण दाबलं' आणि 'पेमेंट झालं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुसरी शक्यतो सर्व्हरवरून पाठवा. आणि गळती दिसली की आधी पुढच्या पायरीचा सुटा आकडा काढा. तो फनेलमधल्या आकड्यापेक्षा बराच मोठा असेल तर एकतर मधला इव्हेंट हरवतोय नाहीतर लोक दुसऱ्याच वाटेने येतायत.

दुसरी चूक शोधायला जास्त त्रास देते, ती म्हणजे एकच माणूस दोन माणसं म्हणून मोजला जाणं. लॉगिनच्या आधी अनामिक आयडी, लॉगिननंतर युजर आयडी, आणि दोन्ही जोडले नाहीत तर अर्धा प्रवास एकाच्या नावावर आणि अर्धा दुसऱ्याच्या. पेमेंटसाठी बाहेरच्या पेजवर जाऊन युजर दुसऱ्याच ब्राउझरमध्ये परत आला तरी हेच होतं. वेबवर सफारीने 2019 पासून जावास्क्रिप्टने ठेवलेल्या कुकीचं, म्हणजे युजरला ओळखायला ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणेचं, आयुष्य 7 दिवसांवर आणलंय, त्यामुळे लॉगिन न करता बघून गेलेला माणूस दहाव्या दिवशी परत आला तर तुमच्या रिपोर्टमध्ये तो नवा कोरा असतो. यावर माझा एकच भरवशाचा उपाय आहे, एक टेस्ट अकाउंट घ्या, पूर्ण प्रवास स्वतः करा आणि त्याचे कच्चे इव्हेंट वेळेनुसार लावून एकेक ओळ डोळ्यांनी वाचा. अर्धा तास जातो, पण चार्टमध्ये जे कधीच दिसणार नाही ते तिथे दिसतं.

कन्व्हर्जन विंडो, म्हणजे फनेल पूर्ण करायला युजरला धरलेली मुदत, कोणी बघतच नाही. मिक्सपॅनेलमध्ये ती मुळात 30 दिवस असते, पोस्टहॉगमध्ये 14, म्हणजे तोच डेटा असून दोन टूल दोन आकडे देणार. शिवाय काल आलेल्यांना अजून वेळच मिळालेला नसतो, तरी लोक या आठवड्याची तुलना गेल्या महिन्याशी करतात आणि घाबरतात. ज्यांची विंडो पूर्ण झालीये त्यांचीच तुलना करा.

आता सगळ्यात फसवा प्रकार. समजा पहिल्या आठवड्यात वेबवर 800 लोक आले आणि 400 पुढे गेले, म्हणजे 50 टक्के, मोबाइलवर 200 पैकी 40, म्हणजे 20 टक्के. एकूण 44. दुसऱ्या आठवड्यात वेबवर 400 पैकी 220, म्हणजे 55 टक्के, मोबाइलवर 600 पैकी 150, म्हणजे 25. दोन्हीकडे सुधारणा झाली, पण एकूण आकडा 37 वर घसरला! कारण एवढंच की मोबाइलवाल्यांचा वाटा वाढला. एकूण आकडा पडला म्हणून चांगला बदल मागे घेतलेला मी पाहिलाय, आणि ते बघून खरंच वाईट वाटतं. डिव्हाइस, ॲपची व्हर्जन, नवे-जुने युजर असे तुकडे पाडल्याशिवाय काही ठरवू नका. व्हर्जनचं तर नक्की बघा, कारण नव्या व्हर्जनमध्ये इव्हेंटचं नाव बदललं तरी जुन्या व्हर्जनवाले जुनंच नाव पाठवत राहतात.

आणि फनेल गळती कुठे आहे ते सांगतं, का आहे ते नाही. त्यासाठी एरर लॉग बघा, सेशन रेकॉर्डिंग बघा, चार-पाच युजरशी बोला. आम्ही ओटीपीचा इव्हेंट दुरुस्त केल्यावर खरी गळती दिसली ती एक पायरी आधी, लोक मोबाइल नंबरसोबत देशाचा कोडही टाइप करत होते, फॉर्म तो नंबर चुकीचा म्हणून नाकारत होता, आणि त्या एररवर आम्ही इव्हेंटच लावलेला नव्हता.