पाहुण्यांना घेऊन सोलापूरहून कोकणात जाताय? या चुका टाळा

सुट्ट्या लागल्या की पुण्या-मुंबईची, परदेशातली मंडळी सोलापुरात उतरतात. सिद्धेश्वराचं दर्शन होतं, शेंगाचटणी बांधून होते आणि कुणीतरी म्हणतं, "चला, सगळे मिळून समुद्रावर जाऊ." बेत चांगलाच असतो. बिघडतो तो बहुतेक वेळा एकाच कारणानं. आपण घरी बसून ठिकाणांची यादी करतो. पण समुद्राची वेळ काय आणि बरोबरच्या सगळ्यात थकलेल्या माणसाला किती झेपेल, हे विचारायचं राहून जातं.

"आम्हाला काहीही चालेल" यावर थांबू नका

पाहुणे संकोचानं असंच म्हणतात. मग तिथं गेल्यावर कळतं की आत्यांना मासळीचा वास सोसत नाही, काकांना जिने चढवत नाहीत आणि लहान्याला घाटात उलटी होते. म्हणून नेमकं विचारा: आत्या, तुम्हाला तळमजल्याचीच खोली हवी ना? शाकाहारी कोण? कुणाचा उपवास? मालवण-तारकर्लीच्या घरगुती निवासात आदल्या दिवशी सांगितलं तर शाकाहारी जेवण उत्तम मिळतं. ऐन जेवणाच्या वेळी सांगितलं तर पंचाईत होते. खर्चाचंही निघण्यापूर्वीच बोलून घ्या. "पाहुण्यांकडून पैसे कसे घ्यायचे" म्हणून यजमान गप्प बसतो आणि पाहुण्यालाही अवघडल्यासारखं होतं. गाडी आमची, राहणं तुमचं, असं सरळ ठरवलं की सगळ्यांनाच मोकळं वाटतं.

एका दमात मालवण गाठू नका

मंगळवेढा, सांगोला, मिरज करत कोल्हापूरच सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. तिथून मालवण आणखी दीडशे, तेही घाट उतरून. म्हातारी माणसं आणि मुलं बरोबर असतील तर कोल्हापूरला मुक्काम करा, अंबाबाईचं दर्शनही होतं. घाट उजेडी उतरा आणि तो सुरू आहे ना, हे आदल्या दिवशी विचारून घ्या. गगनबावड्याहून वैभववाडीकडं उतरणारा करूळ घाट २०२४ च्या जानेवारीपासून रस्त्याच्या कामासाठी वर्षभर बंद होता. पावसाळ्यात दरडींमुळे कुठलाही घाट अचानक बंद होऊ शकतो.

२०२५ च्या जूनमध्ये सोलापूरहून गोव्याचं विमानही सुरू झालं. ते उत्तर गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरतं. दुसऱ्या गावाहून येणाऱ्या नातेवाइकांनी गोव्यातल्याच दुसऱ्या, दाबोळी विमानतळाचं तिकीट काढलं, तर भेटायलाच तासाभराहून जास्त लागतो. दोन्ही तिकिटांवरचं विमानतळाचं नाव ताडून पाहा.

भरती-ओहोटी न बघता पाण्यात उतरू नका

ही चूक जिवावर बेतते, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपल्याला तळं माहीत, नदी माहीत. दिवसातून दोनदा पुढं येऊन मागं जाणारं पाणी आपल्या सवयीचं नाही. कोकणातली जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीला पाऊणनं गुणायचं. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती, पहाटे आणि दुपारी. त्याच्या साधारण सहा तास मागं-पुढं ओहोटी. मुक्कामाच्या तिथी दिनदर्शिकेत बघा आणि दिवसाची आखणी त्यावर करा. हा अंदाज झाला. नक्की वेळ तिथल्या होडीवाल्याला विचारा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त वर चढतं आणि ओढही जास्त असते. अष्टमीच्या सुमारास भांग, त्या दिवसांत पाणी त्या मानानं कमी चढतं.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथं पाणी शांत दिसलं तरी पोहायला उतरू नका. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर बुडण्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. तिथले फलक वाचा आणि पाळा. सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा असेल तर पावसाळा सोडून जा, त्या काळात होड्या बंद असतात. होडीत चढताना आजी-आजोबांना दोन्ही बाजूंनी हात द्या आणि लाइफ जॅकेट सगळ्यांना घालायला लावा.

सोलापूरच्या उन्हाची सवय तिथं कामाला येत नाही

आपल्याकडं पारा बेचाळीसला गेला तरी घाम वाळतो. किनाऱ्यावर चौतीसलाच माणूस गळून जातो, कारण दमट हवेत घाम अंगावरच राहतो. लिंबू सरबत, कोकम सरबत घोटाघोटानं चालू ठेवा आणि अकरा ते चार सावलीत बसा. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी मीठ-पाण्याचं आधी डॉक्टरांना विचारावं.

पाहुण्यांना कौतुकानं दिलेले जाड टर्किश टॉवेल घरीच ठेवा. दोरीवर रात्रभर टाकले तरी सकाळी ओलेच असतात आणि दुसऱ्या दिवशी वास मारतात. पातळ पंचे न्या. कडक भाकरीही उघडी ठेवली की रात्रीत मऊ पडते. घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.

अडचण आलीच तर

पाण्यानं आत ओढलं तर किनाऱ्याच्या दिशेनं झगडू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर पडा. पोहता येत नसेल तर उताणं तरंगत हात वर करा. पाहणाऱ्यानं मागोमाग उडी मारू नये. दोरी, रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेकावं, लोकांना हाका माराव्यात आणि ११२ ला फोन करावा.

जेलीफिश लागली तर जागा चोळू नका, वाळू लावू नका. समुद्राच्याच पाण्यानं धुवा, चिकटलेले धागे कार्डाच्या कडेनं काढा, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात ती जागा ठेवा. श्वास लागला तर १०८ बोलवा.

गाडी वाळूवर नेऊच नये. रुतलीच तर अॅक्सिलरेटर दाबत बसू नका, चाक आणखी खाली जातं. सगळ्यांना उतरवा, चाकांपुढची वाळू हातानं काढा, टायरमधली थोडी हवा सोडा आणि भरती चढायच्या आत गावातला ट्रॅक्टर बोलवा.