कंचेभागुबेव पाठ आहे, तरी पदावली चुकते : भरतीच्या अभ्यासाला नव्याने बसणाऱ्यांसाठी

पोलीस भरतीच्या 100 गुणांच्या लेखी परीक्षेला 90 मिनिटे मिळतात आणि तेवढ्यात अंकगणिताबरोबर सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता चाचणी व मराठी व्याकरणही उरकायचे असते, त्यामुळे साताऱ्यातल्या अभ्यासिकांत नव्याने आलेली मुले लगेच ट्रिकच्या मागे लागतात. माझे स्पष्ट मत आहे की पाया पक्का होईपर्यंत ट्रिकला हातही लावू नये. गृहपाठाचे उदाहरण वहीत उतरवावे, एका ओळीत एकच क्रिया करावी आणि उरलेली पदावली चिन्हांसकट जशीच्या तशी खाली घ्यावी.

मला सर्वांत जास्त छळले ते याच पायरीने. 50 − 18 + 6 × 4 ÷ 3 हे उदाहरण घ्या. 6 × 4 म्हणजे 24, त्याला 3 ने भागून 8, म्हणजे 50 − 18 + 8 उरले. इथपर्यंत कोणी चुकत नाही. पुढे मात्र कंचेभागुबेव या सूत्रात (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी असा क्रम) बेरीज आधी येते म्हणून 18 आणि 8 मिळवून 26 केले जातात, ते 50 मधून वजा होतात आणि उत्तर 24 येते. हे साफ चूक आहे. बेरीज आणि वजाबाकी यांचा मान सारखाच असतो. जी क्रिया डावीकडे आधी येईल ती आधी करायची. म्हणून 50 − 18 = 32 आणि 32 + 8 = 40. वजा चिन्ह फक्त 18 चे आहे, 8 अधिक चिन्ह घेऊनच आलेला आहे. गुणाकार-भागाकारालाही हाच नियम आहे, पण तिथे भागाकार आधी केल्याने उत्तर बिघडत नाही, म्हणून सूत्रावर आंधळा विश्वास बसतो आणि पुढच्या जोडीत घात होतो. पर्यायांत 24 दिसला की शंकाही येत नाही.

शेकडेवारीत तेवढे अडत नाही. क्विंटलला 10,000 रुपये असलेली हळद 10 टक्क्यांनी चढून 11,000 झाली आणि पुन्हा 10 टक्क्यांनी उतरली, तर ती घट 11,000 वर मोजायची. भाव 9,900 होतो.

पहाटे मैदानावर धावून आल्यावर डोके चालत नसेल, तर घाबरू नका. ते सर्वांचेच होते, आणि तेव्हा नवे प्रकरण न उघडता कालचीच उदाहरणे पुन्हा सोडवावीत. मार्गदर्शक मात्र पारखून निवडा. नुसते उत्तर सांगणाऱ्यापेक्षा तुमची वही हातात घेऊन नेमक्या कोणत्या ओळीत चिन्ह सुटले ते दाखवणारा सीनियर कितीतरी उपयोगी पडतो.