ब्लेंडरमध्ये कर्व्हवरून वाहणारे कण, सिम्युलेशनशिवाय

रक्तवाहिनीतल्या पेशी, पाइपातले थेंब, नकाशावरची वाहतूक अशा दृश्यांसाठी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये जुनी वाट म्हणजे पार्टिकल सिस्टिम आणि कर्व्हला (वक्र रेषेला) लावलेलं ‘कर्व्ह गाइड’ फोर्स फील्ड. त्यात वेग थेट देता येत नाही. कण आपल्या लाइफटाइममध्ये कर्व्ह पार करतो, म्हणून वेग बदलायला लाइफटाइम बदलावा लागतो. कण एकमेकांवर आदळायचे नसतील, तर जिऑमेट्री नोड्स घ्या, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या छोट्या ठोकळ्यांनी (नोड्सनी) आकार घडवायची पद्धत. तिथे कॅश (आधी मोजून साठवलेल्या फ्रेम) नाही, कुठल्याही फ्रेमवर गेलात तरी चित्र बरोबर येतं. प्रत्येक कणाची जागा मुळात एकाच आकड्यावर ठरते: कर्व्हच्या लांबीचा किती भाग तो पार करून आलाय, ० ते १.

कर्व्ह काढा, कंट्रोल-ए दाबून स्केल अप्लाय करा (नाहीतर कण चपटे किंवा ताणलेले दिसतात) आणि त्यालाच जिऑमेट्री नोड्स मॉडिफायर लावा. ‘पॉइंट्स’ नोडमध्ये काउंट ५००. त्यापुढे ‘सेट पोझिशन’. ग्रुप इनपुटमधला कर्व्ह ‘सॅम्पल कर्व्ह’ला जोडा, मोड फॅक्टर.

आता तो आकडा. ‘सीन टाइम’मधली फ्रेम १२० ने भागा, त्यात ० ते १ मधली ‘रँडम व्हॅल्यू’ मिळवा आणि बेरीज ‘मॅथ’ नोडच्या फ्रॅक्शनमधून काढा. हाच सॅम्पल कर्व्हचा फॅक्टर; त्यातून येणारी पोझिशन ‘सेट पोझिशन’ला द्या. १२१ वी फ्रेम पहिलीसारखीच येते, म्हणून १ ते १२० रेंडर केल्यावर लूपचा सांधा दिसत नाही. काही कण वेगात हवेत, तर भागाकाराला १ ते ३ मधल्या रँडम पूर्णांकाने गुणा. १.४ सारखा अपूर्णांक घेतलात की लूप तुटतो.

इथवर सगळे कण एका रेषेत, माळेसारखे दिसतील. जाडी देण्यासाठी सॅम्पल कर्व्हचे नॉर्मल (कर्व्हला काटकोनातली दिशा) आणि टँजंट (कर्व्ह पुढे जातो ती दिशा) यांचा क्रॉस प्रॉडक्ट घ्या, म्हणजे टँजंटला काटकोनात असलेली दुसरी दिशा मिळते. ० ते ६.२८३ मधला रँडम कोन घ्या. त्याचा कोसाइन नॉर्मलला, साइन दुसऱ्या दिशेला. दोन्ही त्रिज्येने गुणून पोझिशनमध्ये मिळवा. त्रिज्या म्हणजे ० ते १ रँडमचं वर्गमूळ गुणिले पाइपाची त्रिज्या. वर्गमूळ गाळलंत तर कण मध्यभागी गर्दी करतात.

प्रत्येक रँडम व्हॅल्यूचा सीड (रँडम आकडे ज्यावरून निघतात तो आकडा) वेगळा ठेवा. कोन आणि फॅक्टर दोघांचा सीड ० राहिला, तर दोघांना मुळात तोच आकडा मिळतो आणि कण स्क्रूच्या आट्यांसारखे लागतात. सूत्रात चूक शोधत बसण्याआधी सीड तपासा.

मग ‘इन्स्टन्स ऑन पॉइंट्स’, म्हणजे प्रत्येक बिंदूवर कणाच्या आकाराची प्रत (इन्स्टन्स) ठेवणारा नोड. रोटेशनसाठी ‘अलाइन रोटेशन टू व्हेक्टर’ला टँजंट द्या, जुन्या आवृत्त्यांत याच जागी ‘अलाइन ऑयलर टू व्हेक्टर’ आहे. वळणावर कण झटके देत वळत असतील, तर कर्व्हचं रेझोल्यूशन १२ वरून ३२ करा. सॅम्पलिंग सरळ तुकड्यांवर होतं, तुकडे मोठे असले की दिशा एकदम बदलते. कर्व्ह उभा जातो तिथे प्रवाह अचानक पिळला, तर नॉर्मल मोड ‘झेड-अप’ नाही ना ते बघा; ‘मिनिमम ट्विस्ट’ ठेवा.

मोशन ब्लर लावल्यावर कर्व्हच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत लांबलचक रेघा उमटतात. कण १ वरून ० वर उडी मारतो आणि रेंडरर ती उडीही हालचाल समजतो. फॅक्टर आणि १ वजा फॅक्टर यांतला लहान आकडा ‘मॅप रेंज’मध्ये द्या: ०.०३ ते ०.०८ वरून ० ते १, क्लॅम्प चालू (म्हणजे उत्तर ० ते १ च्या बाहेर जात नाही), आणि उत्तर इन्स्टन्सच्या स्केलला. ०.०३ यासाठी की तिप्पट वेगाचा कण एका फ्रेममध्ये ०.०२५ सरकतो, त्यामुळे उडीच्या वेळी त्याचा आकार शून्यच असतो. वेग किंवा १२० बदललात तर हाही आकडा नव्याने काढा. बंद कर्व्हला याची गरज नाही, मात्र तिथे कण शेवटाकडून सुरुवातीला अडखळत नाही ना, ते एकदा हळू चालवून बघा.

प्रवाह उलटा वाहत असेल, तर एडिट मोडमध्ये सेगमेंट्स मेन्यूतून ‘स्विच डिरेक्शन’ करा.