पाय मुरगळलाय? मग तपासणी गुडघ्यापासून सुरू करा

घोटा मुरगळलेला पेशंट आला की सुजलेली जागा दाखवतो आणि नवीन शिकणारे बरेच जण लगेच तिथेच दाबायला जातात, तसं प्लीज करू नका, एकदा ठणका लागला की तो पाय आखडून घेतो आणि पुढचं काहीच नीट कळत नाही. दुखरी जागा सगळ्यात शेवटी.

आधी दोन्ही पाय गुडघ्याच्या वरपर्यंत उघडे करायला सांगा, मोजेपण काढायचे. पाऊल आत वळलं की बाहेर, लगेच पाय टेकवता आला का, हे विचारा आणि जमत असेल तर चार पावलं चालवून बघा, लंगडत का होईना. पाऊल गार किंवा निळसर असेल, नाडी लागत नसेल, बोटं बधिर असतील तर बाकी सगळं सोडून ताबडतोब इमर्जन्सीला पाठवा.

मग चांगल्या पायाला हात लावा, म्हणजे दाबणार कसं ते पेशंटलाही कळतं. नंतर दुखऱ्या पायाच्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, जे हाड हाताला लागतं ते फिब्युलाचं (नडगीच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड) डोकं, तिथून दाबत दाबत खाली या. घोटा बाहेर पिळला गेला की कधीकधी फिब्युला मोडते ती पार वर गुडघ्याजवळ, पेशंट मात्र घोटाच दुखतोय म्हणतो, आणि नुसत्या घोट्याच्या एक्सरेत हे फ्रॅक्चर सापडत नाही, म्हणून मी या पायरीसाठी एवढी हट्टी आहे.

खाली आलात की चार जागा: त्याच पायाच्या आतल्या आणि बाहेरच्या घोट्याच्या हाडाची मागची कड (टोकापासून वर 6 सेंमी), पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध लागणारा पाचव्या मेटाटार्सलचा (करंगळीकडे जाणारं लांब हाड) उंचवटा, आणि पावलाच्या आतल्या बाजूचं नॅव्हिक्युलर हे छोटं हाड. यातली एकही जागा दाबल्यावर दुखली किंवा मुरगळल्यावर लगेचही आणि आता तपासतानाही चार पावलं टाकता आली नाहीत तर एक्सरे काढायचा, हेच ते ओटावा नियम. डायबेटिसमुळे पायाची संवेदना कमी असेल तर मात्र यांच्यावर विसंबू नका.

आता पालथं झोपवा, पावलं टेबलाबाहेर, आणि पोटरी दाबा. पाऊल खाली हललं पाहिजे, नाही हललं तर टाचेच्या मागची जाड शीर (अकिलीस टेंडन) तुटल्याचा संशय घ्या, मग पेशंट स्वतः पाऊल खाली करून दाखवत असला तरी, कारण तेवढं काम बाकीचे स्नायूपण करतात.

सगळ्यात शेवटी बाहेरच्या घोट्याच्या पुढचं लिगामेंट (हाडं जोडणारा पट्टा), पाऊल आत वळलं की बहुतेक वेळा तेच दुखावतं. एका हाताने नडगी धरायची, दुसऱ्याने टाच पुढे ओढायची, आणि दुसऱ्या पायाशी तुलना करायची. खूप सूज असेल तर यातून फारसं कळत नाही, जबरदस्ती करू नका, चार-पाच दिवसांनी बोलवून परत बघा.