भूकंपाच्या पूर्वसूचनेवर पीएच.डी. करताय? या चुका टाळा

खानदेशातल्या पोरापोरींनी हा विषय संशोधनाला घ्यावा, याचा मला मनापासून आनंद होतो. पूर्वसूचना म्हणजे भाकीत नव्हे; धक्का सुरू झाल्यावर जवळच्या यंत्राने तो ओळखून, जोराची लहर पोचायच्या आत लांबच्या गावांना दिलेला इशारा. १४ मार्च १९३८चा सातपुड्याचा भूकंप सहा रिश्टरच्या वरचा होता, आणि त्याच नर्मदा-शोण पट्ट्यातलं जबलपूर १९९७ साली हादरलं. विषय आपल्या दारातला आहे. पण प्रबंधांचे मसुदे वाचताना एकच चूक वेगवेगळ्या रूपांत भेटते. भूकंपाची पूर्ण नोंद हाताशी असते, आणि इशारा द्यायच्या क्षणी यंत्रापर्यंत पोचलेलाच नसलेला डेटा विद्यार्थी नकळत वापरून मोकळा होतो.

सगळ्यात जास्त घात फिल्टर करतो. प्रवेगावरून विस्थापन काढायला दोनदा इंटिग्रेशन करावं लागतं. त्यात बेसलाइन, म्हणजे नोंदीची शून्यरेषा, वाहवत जाते, म्हणून ०.०७५ हर्ट्झचा हाय-पास, म्हणजे त्याहून संथ कंपनं गाळणारा फिल्टर, लावायची पद्धत आहे. इथे सवयीने झिरो-फेज फिल्टर लावला जातो. तो सिग्नल एकदा सुलट आणि एकदा उलट फिरवतो, त्यामुळे मागून येणाऱ्या, जास्त हादरवणाऱ्या एस-लहरींचा अंश आधी पोचणाऱ्या वेगवान पी-लहरीच्या पहिल्या तीन सेकंदांत झिरपतो. आलेख देखणे येतात, तीव्रतेचा अंदाजही छान जुळतो, आणि प्रत्यक्ष चालत्या यंत्रणेत सगळं कोसळतं. फक्त पुढे जाणारा, कॉझल फिल्टरच वापरा. सरासरी वजा करतानाही पी-लहर येण्याआधीच्या भागाचीच घ्या, पूर्ण नोंदीची नको.

मशीन लर्निंगवाल्यांनी नोंदींची विभागणी भूकंपानुसार करावी. एकाच धक्क्याच्या वीस स्टेशनांवरच्या नोंदी ट्रेनिंग आणि टेस्टिंग दोन्हीकडे वाटल्या गेल्या, तर ९५ टक्के अचूकतेला काही अर्थ राहत नाही.

आता सेकंदांचा हिशोब. समजा, चोपड्याच्या उत्तरेला वीस किलोमीटरवर, १० किलोमीटर खोलीवर धक्का बसला आणि केंद्रबिंदूपासून, म्हणजे त्याच्या थेट वरच्या जमिनीवरच्या जागेपासून, १० किलोमीटरवर आपलं स्टेशन आहे. पी-लहर सेकंदाला ६ किलोमीटरने धावते, म्हणजे ती साधारण अडीच सेकंदांत पोचेल. तीन सेकंदांची खिडकी आणि गणित-प्रसारणाचे दोन सेकंद धरले, तर सूचना साडेसात सेकंदांनी निघेल. तोवर साडेतीन किलोमीटरच्या वेगाने एस-लहर केंद्रबिंदूभोवती २४ किलोमीटर पसरलेली असेल. चोपड्याला सूचना मिळणारच नाही. जळगावला आठेक सेकंद मिळतील, धुळ्याला पंधराएक. मसुद्यात मात्र धुळ्यासमोर '२३ सेकंद' लिहिलेलं असतं, कारण एस-लहरीचा पूर्ण प्रवासच सवलत, म्हणजे इशाऱ्यानंतर हाताशी उरणारा वेळ, म्हणून धरलेला असतो. अंधक्षेत्राचा, म्हणजे चोपड्यासारखी सूचना पोचूच न शकणारी जागा दाखवणारा, नकाशा प्रबंधात असलाच पाहिजे. तो लपवू नका, तेच तर खरं उत्तर आहे.

डेटालॉगर, म्हणजे सेन्सरची नोंद साठवून पुढे पाठवणारं यंत्र, किती सेकंदांची पॅकेट पाठवतो, हेही तपासा. पॅकेट भरेपर्यंत नमुने यंत्रातच अडकून राहतात. पाच सेकंदांचं पॅकेट म्हणजे वरच्या हिशोबातली जळगावची निम्म्याहून जास्त सवलत गेली.

कोयनेच्या नोंदी भरपूर मिळतात म्हणून त्यांच्यावर बेतलेली सूत्रं इकडे जशीच्या तशी लावू नका. कोयनेचे धक्के जलाशयामुळे होणारे आणि उथळ असतात. जबलपूरचा धक्का सुमारे ३५ किलोमीटर खोल होता. शिवाय तापीकाठचा गाळाचा थर लहर वाढवतो, बेसाल्टवरच्या स्टेशनला ते दिसत नाही.

शेवटची चूक आमच्याच हातून झाली. यावलकडे एका केळीच्या बागेशेजारी सेन्सर बसवला होता. रात्री थ्री-फेज लाईट आली की आजूबाजूच्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या. त्या झटक्याने खोटा ट्रिगर पडायचा, ते लगेच लक्षात आलं. पण त्याहून वाईट गोष्ट कळायला दोन महिने गेले. ट्रिगर पडतो तो कंपनांच्या अल्प काळाच्या सरासरीला (एसटीए) दीर्घ काळाच्या सरासरीने (एलटीए) भागून. मोटारी चालू राहिल्या की दीर्घ सरासरी वर चढायची, आणि एसटीए-एलटीएचं गुणोत्तर रात्रभर इतकं दबायचं की खरी पी-लहर आली असती तरी यंत्र गप्प बसलं असतं. आम्ही फक्त खोटे ट्रिगर मोजत होतो, हुकण्याची शक्यता मोजतच नव्हतो. मग सेन्सर पंपांपासून दूर, काळ्या मातीऐवजी उघड्या खडकावर हलवला, एलटीएला वरची मर्यादा घातली आणि दुसऱ्या स्टेशनचा दुजोरा सक्तीचा केला. तुमच्या जागेचा रात्रीचा गोंगाट निदान एक पूर्ण रब्बी हंगाम नोंदवा, आणि त्याच गोंगाटात खऱ्या भूकंपाच्या नोंदी मिसळून किती हुकतात ते मोजा.