सी शार्पमधून सी च्या डीएलएलला मराठी स्ट्रिंग कशी पाठवायची आणि परत कशी घ्यायची

समजा सांगली मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडतीसाठी तुम्ही सी शार्पमध्ये पट्टी काढायचं सॉफ्टवेअर केलंय आणि प्रिंटरसोबत आलेली डीएलएल (तयार फंक्शनांची विंडोज फाइल) सी मधली आहे. इंग्रजी नाव टाकलं की झकास छापतं, मराठी टाकलं की शेतकऱ्याच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. वर्षभर राबून ज्यानं हळद पिकवली त्याचं नाव पट्टीवर नीट यायलाच पाहिजे.

डॉटनेटची (सी शार्प ज्यावर चालतं त्याची) स्ट्रिंग आतून यूटीएफ-१६ (युनिकोड अक्षरं दोन-दोन बाइटच्या तुकड्यांत ठेवायची पद्धत) असते आणि ती गार्बेज कलेक्टरच्या, म्हणजे मेमरी आपोआप सोडणाऱ्याच्या, ताब्यात असते. सी ला हवा असतो पॉइंटर, म्हणजे शेवटी शून्य असलेल्या अक्षरांचा मेमरीतला पत्ता. मधलं रूपांतर मार्शलर करतो, पण डीएलएलइम्पोर्टमध्ये (सी चं फंक्शन सी शार्पला सांगायची ओळ) कॅरसेट, म्हणजे अक्षरांची पद्धत, लिहिला नाही तर सी शार्प ॲन्सी (विंडोजची युनिकोडआधीची जुनी पद्धत) धरतं, आणि विंडोजच्या नेहमीच्या ॲन्सी कोडपेजमध्ये, म्हणजे अक्षरांच्या तक्त्यात, देवनागरी नाहीच, मग जे अक्षर सापडत नाही तिथं प्रश्नचिन्ह बसतं. म्हणून आधी डीएलएलची हेडर फाइल उघडून बघा. फंक्शन डब्ल्यूकॅर-टी (सी मधलं रुंद अक्षर, विंडोजवर दोन बाइटचं) चा पॉइंटर घेत असेल तर कॅरसेट युनिकोड लिहा. साध्या एका बाइटच्या कॅरचा पॉइंटर असेल आणि आत यूटीएफ-८ (युनिकोडचीच बाइट-बाइटनं लिहायची पद्धत) अपेक्षित असेल तर त्या पॅरामीटरवर मार्शलॲज लावून एलपी-यूटीएफ-८-एसटीआर द्या, हे डॉटनेट फ्रेमवर्क ४.७ पासून चालतं. डॉटनेट ७ किंवा पुढचं वापरत असाल तर डीएलएलइम्पोर्टऐवजी सरळ लायब्ररीइम्पोर्ट घ्या, त्यात स्ट्रिंग असेल तर एन्कोडिंग सांगावंच लागतं, नाहीतर बिल्डच होत नाही, आणि मला हे फार योग्य वाटतं.

बिघाड कुठं झालाय ते कागदावरूनच कळतं. प्रश्नचिन्हं आली म्हणजे ॲन्सीत बदलतानाच अक्षरं गेली, ती आता परत मिळत नाहीत. डोक्यावर खुणा असलेली विचित्र रोमन अक्षरं आली तर यूटीएफ-८ चे बाइट बरोबर पोचलेत पण वाचणारा चुकीचं वाचतोय, म्हणजे डेटा शाबूत आहे. आणि इंग्रजी नावाचं फक्त पहिलंच अक्षर छापलं तर यूटीएफ-१६ ची स्ट्रिंग साध्या कॅरवाल्या फंक्शनला गेलीय.

आता परत येणारी स्ट्रिंग, खरा घोळ इथं होतो. सी चं फंक्शन कॅरचा पॉइंटर परत देतं म्हणून बरेच जण रिटर्न टाइप सरळ स्ट्रिंग लिहितात, पण तसं लिहिलं की मार्शलर स्ट्रिंगची कॉपी करून मूळ मेमरी को-टास्क-मेम-फ्री (विंडोजचं मेमरी सोडायचं एक फंक्शन) ने सोडायला जातो, आणि ती मेमरी डीएलएलनं मॅलॉकनं (सी च्या स्वतःच्या फंक्शननं) घेतलेली किंवा स्टॅटिक, म्हणजे कायमची राखलेली, असेल तर प्रोग्रॅम कोसळतो, कधी लगेच तर कधी तासाभरानं भलत्याच ठिकाणी, शोधता शोधता जीव जातो. त्यामुळे रिटर्न टाइप इंटपीटीआर ठेवा, मार्शल क्लासमधलं पीटीआर-टू-स्ट्रिंग-यूटीएफ-८ वापरून स्ट्रिंग करून घ्या (जुन्या फ्रेमवर्कमध्ये हे नाही, तिथं बाइट कॉपी करून एन्कोडिंगच्या गेटस्ट्रिंगला द्या), आणि मेमरी सोडायची असेल तर डीएलएलनंच दिलेल्या फ्री फंक्शननं सोडा. ज्यानं घेतली त्यानंच सोडायची.

फंक्शन तुमच्याकडून बफर (उत्तर लिहायला रिकामी मेमरी) मागत असेल तर मी स्ट्रिंगबिल्डरपेक्षा बाइट ॲरे देईन, आत काय आलं ते स्पष्ट दिसतं. फक्त साइज अक्षरांवर धरू नका. कवठेमहांकाळ मध्ये काना, मात्रा, अनुस्वार धरून ११ कोडपॉइंट (युनिकोडमधली सुटी चिन्हं) आहेत, यूटीएफ-८ मध्ये त्याचे ३३ बाइट होतात आणि शेवटचं शून्य धरून ३४, म्हणजे २० बाइटचा बफर कधीच पुरणार नाही आणि मधेच कापला तर शेवटचं अक्षर तुटतं.

अजून एक, तुम्ही पाठवलेली स्ट्रिंग फक्त कॉल चालू असेपर्यंतच जिवंत असते. डीएलएल तो पॉइंटर जपून ठेवून नंतर वापरणार असेल, उदाहरणार्थ पट्टीच्या वर छापायचं दुकानाचं नाव एकदाच सेट करायचं असेल, तर स्ट्रिंग-टू-को-टास्क-मेम-यूटीएफ-८ नं स्वतः मेमरी घ्या आणि काम संपल्यावर फ्री-को-टास्क-मेम करा. त्याऐवजी मेमरी घ्यायला एच-ग्लोबलवालं (विंडोजच्या दुसऱ्या पद्धतीचं) फंक्शन वापरलं असेल तर सोडायलाही एच-ग्लोबलचंच, दोन्हीची सरमिसळ करू नका.

सी प्लस प्लस सीएलआयचा (डॉटनेटशी जोडलेल्या सी प्लस प्लसचा) रॅपर, म्हणजे मधला दुवा, लिहित असाल तर त्यातल्या मार्शल-ॲज या फंक्शननं एसटीडी डब्ल्यूस्ट्रिंग (रुंद अक्षरांची स्ट्रिंग) घ्या, साधी एसटीडी स्ट्रिंग घेतली की परत तेच ॲन्सी आणि तीच प्रश्नचिन्हं.